न्यूरोसायन्सच्या लॅबमधलं पहिलं वर्ष: नवख्या संशोधकासाठी पायरीपायरीनं

१९२४ साली हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावरून मेंदूतल्या विद्युत लहरी पहिल्यांदा टिपल्या. त्या छापून आल्या १९२९ साली. मधली पाच वर्षं हा माणूस एका शंकेनं पछाडलेला होता: कागदावर जे वळवळतंय ते खरंच मेंदूतून येतंय, की नाडीच्या ठोक्यातून, कातडीतून, स्नायूंतून, यंत्रातून? छापल्यावरही फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. १९३४ मध्ये एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तीच लहर आपल्या प्रयोगशाळेत दाखवली, तेव्हा कुठे लोक मानायला लागले.

विद्यापीठातल्या एखाद्या मेंदूसंशोधन केंद्रात तुम्ही नुकतेच दाखल झाला असाल, पीएचडीला, प्रकल्प सहायक म्हणून किंवा पोस्टडॉक म्हणून, तर तुमचं पहिलं वर्ष बर्गर यांच्या याच शंकेत जाणार आहे. जायलाही हवं. पहिल्या वर्षी सहसा शोध लागत नाहीत; लागलासा वाटला तर आधी वायर सैल आहे का ते बघावं. पुढच्या पायऱ्या साधारण ज्या क्रमानं अंगावर येतात त्याच क्रमानं लिहिल्या आहेत.

पायरी १: लॅब निवडताना

वेबसाइटवर सगळ्या लॅब सारख्याच दिसतात. रंगीत मेंदू, हसरा गट-फोटो, मोठ्या जर्नलांची नावं. त्यातून काही कळत नाही. कळतं ते लॅब सोडून गेलेल्यांकडून, कारण जे आत आहेत त्यांना उद्या परत तिथेच बसायचं असतं. अशा दोघातिघांना निरोप पाठवून तीन गोष्टी विचारा: पहिला प्रयोग हाताला धरून कोणी शिकवला, प्रकल्प फसला तेव्हा गाईड काय म्हणाले, आणि पीएचडीला प्रत्यक्षात किती वर्षं लागली. ‘फोनवर बोलू’ असं उत्तर आलं, तर बरंचसं उत्तर मिळालंच म्हणून समजा.

मग त्या लॅबचे अलीकडचे तीन पेपर घ्या आणि निष्कर्षांच्या आधी पद्धतीचा भाग वाचा. पुढची चार-पाच वर्षं तुमचे दिवस त्याच भागात जाणार आहेत. निष्कर्षातलं झळाळतं वाक्य वर्षाकाठी एकदा लिहायला मिळतं. उंदराला डोकं स्थिर ठेवायची सवय लावणं, पेशी मोजणं, व्हिडिओच्या चौकटी तपासणं हे रोजचं. ते नुसतं वाचूनच जांभई येत असेल, तर विषय कितीही मोहक असला तरी ती लॅब तुमच्यासाठी नाही.

संशोधन केंद्राची एक खासियत लक्षात ठेवा: महागडी यंत्रं सामाईक असतात. एमआरआय स्कॅनर, टू-फोटॉन मायक्रोस्कोप, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यांची वेळ आधी नोंदवावी लागते, आणि नवख्याच्या वाट्याला बहुधा रात्र किंवा रविवार येतो. तेव्हा ‘तुमच्याकडे अमुक यंत्र आहे का’ एवढं विचारून थांबू नका. आठवड्यातले किती तास मिळतील, बिघडलं तर कोण दुरुस्त करतं, हेही विचारा.

प्रकल्पाबद्दल माझं मत ठाम आहे: दोन घ्या. एक असा, जो उत्तर ‘हो’ आलं काय आणि ‘नाही’ आलं काय, लिहून काढता येईल. दुसरा धाडसाचा. नुसत्या धाडसाच्या प्रकल्पावर पीएचडी टांगलेली माणसं मी पाहिली आहेत. तिसऱ्या वर्षी त्यांचे चेहरे बघवत नाहीत. प्रश्नाचा आवाकाही जपून ठरवा. सी. एलिगन्स या जंतात अवघ्या ३०२ चेतापेशी असतात. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ पासून हाताशी आहे, आणि तो जंत अमुक क्षणी उजवीकडेच का वळला हे आजही पूर्णपणे सांगता येत नाही. माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी आहेत. ‘मला जाणिवेचं कोडं सोडवायचंय’ हे मनात असू द्या, प्रस्तावात लिहू नका.

पायरी २: पहिले पंधरा दिवस कागदांचे

कंटाळवाणी पायरी आहे, पण हिला लागलेला उशीर पुढे भरून निघत नाही. प्राण्यांवर काम असेल तर नैतिकता समितीची मंजुरी आणि तुमचं स्वतःचं प्रशिक्षण, माणसांवर असेल तर सहभागींच्या संमतीपत्राला मान्यता. यात महिने जातात. म्हणून रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच विचारा: लॅबच्या कोणत्या मंजूर प्रस्तावात माझं नाव घालता येईल आणि माझ्या प्रयोगासाठी त्यात काय बदल करावा लागेल?

मंजूर प्रस्ताव स्वतः, अक्षरन् अक्षर वाचा. त्यात लिहिलेली मात्रा, वजन, वेळ, संख्या याबाहेर काहीही करायचं नसतं; ‘सगळेच असं करतात’ हे स्पष्टीकरण तिथे चालत नाही. प्राण्यांबाबतच्या नियमांचा गाभा रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडला: पर्याय असेल तर प्राणी वापरू नका, वापरलेच तर कमीत कमी वापरा, आणि त्यांना होणारा त्रास शक्य तितका घटवा. माणसांवरच्या संशोधनासाठी १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा आहे. पहिल्यांदा वाचताना हे भिंतीवरच्या सुविचारासारखं वाटतं. स्वतःच्या हातानं पहिला प्राणी मारावा लागतो त्या दिवशी वेगळं वाटतं. त्या दिवशी हात थरथरले तर लपवू नका. ज्येष्ठ सहकाऱ्याला सोबत उभं राहायला सांगा, आणि हे काम आपल्याला कधीच जमणार नाही असं वाटलं तर तेही वेळेत सांगा. मॉडेलिंग, माणसांवरचे प्रयोग, पेशीसंवर्धन असे कितीतरी रस्ते आहेत, आणि तिकडे वळणं म्हणजे हार नव्हे.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. एमआरआयचं चुंबक दिवे मालवलेले असले तरी चालूच असतं. खिशातली किल्ली, केसांतली पिन, ऑक्सिजनची टाकी सगळं ओढलं जातं. पॅराफॉर्मल्डिहाइडचं (ऊती टिकवून ठेवणाऱ्या विषारी रसायनाचं) काम धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करा. रात्री एकट्यानं शस्त्रक्रिया किंवा लेसरचं काम करू नका. नियम नसला तरी.

पायरी ३: एक तंत्र धरा आणि त्याच्या मर्यादा पाठ करा

नवा माणूस उत्साहानं ईईजी (डोक्यावरून मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणं), पॅच क्लॅम्प, इमेजिंग आणि मशीन लर्निंग एकाच वेळी सुरू करतो. सहा महिन्यांनी चारही अर्धवट. पहिल्या वर्षात एकच घ्या, आणि ते काय दाखवतं याच्या आधी ते काय दाखवू शकत नाही हे शिका.

चेतापेशीचा एक स्पंद, म्हणजे तिचा विजेचा झटका, साधारण एका मिलिसेकंदात होऊन जातो. बारीक इलेक्ट्रोड पेशीजवळ पोचला तर तो स्पंद सुटा पकडता येतो, पण शेजारच्या लाखो पेशी काय करतायत ते कळत नाही. ईईजीचं काळाचं माप तितकंच बारीक, पण कवटीवरून येणारा सिग्नल दहा ते शंभर मायक्रोव्होल्टचा, आणि तो नेमका कुठून आला हे सांगणं अवघड. एफएमआरआय (काम करत असलेल्या मेंदूचं एमआरआय) जागा चांगली दाखवतो, पण तो चेतापेशी बघतच नाही. तो रक्तातल्या ऑक्सिजनचा चढउतार बघतो. चेतापेशींची धावपळ झाल्यावर रक्ताचा प्रतिसाद शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात, आणि तीन मिलिमीटर बाजूच्या एका ठिपक्यात लाखो पेशी असतात. कॅल्शियम इमेजिंगमध्ये शेकडो पेशी एकदम लुकलुकताना दिसतात, बघत राहावंसं वाटतं. पण ते लुकलुकणं स्पंद नव्हे. स्पंदामुळे पेशीत शिरलेल्या कॅल्शियमची ती सावली आहे, आणि सावली मूळ घटनेपेक्षा पुष्कळ उशिरा विरते.

या मर्यादा डोक्यात असल्या की पेपर वाचताना आपोआप प्रश्न उठतात. ‘एफएमआरआयमध्ये अमुक भाग शंभर मिलिसेकंद आधी उजळला’ असं कोणी म्हणालं की तुमची भुवई वर जायला हवी.

हात बसायला वेळ लागतो हेही मान्य करा. पॅच क्लॅम्पमध्ये काचेच्या सुईसारख्या नळीचं टोक पेशीच्या आवरणाला इतकं घट्ट चिकटवायचं असतं की मधला रोध गिगाओहमपर्यंत जातो. पहिले कित्येक आठवडे ते चिकटतच नाही. आणि कारण बहुतेक वेळा तुमच्या हातात नसतं, द्रावणात असतं: मेंदूचे काप ज्यात ठेवतात त्या द्रावणातून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे नीट जात नसतात, किंवा कोणीतरी मीठ मोजताना चुकलेलं असतं. म्हणून स्वतःला शिव्या देण्याआधी द्रावणाची तीव्रता मोजा.

पायरी ४: प्रत्येक सिग्नलवर आधी संशय घ्या

हीच खरी पायरी. बाकीच्या तिच्या आजूबाजूला आहेत.

माझ्या पहिल्या वर्षात सहा आठवडे मी एका लयीच्या प्रेमात पडले होते. उंदीर बक्षिसाच्या पाण्याची वाट पाहायला लागला की सिग्नलमध्ये सात-आठ हर्ट्झची देखणी लहर उठायची. अपेक्षा जितकी जास्त, लहर तितकी मोठी. मी आलेख काढले, नाव ठेवलं, गाईडना दाखवलं, तेही खूश. मग एका दुपारी लॅबमधल्या तंत्रज्ञ बाई माझ्या मागून जाताना सहज थबकल्या, पडद्याकडे बघितलं, पिंजऱ्याच्या कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, ‘अगं, तो नळी चाटतोय.’ उंदीर सेकंदाला साधारण तितक्याच वेळा जीभ बाहेर काढतो. वाट बघताना जास्त चाटतो. माझी लय त्याच्या जिभेची होती.

तेव्हापासून मी नव्या मुलांना एक सराव करायला लावते. पहिला महिना खरा प्रयोग करायचा नाही. नॉइज, म्हणजे मेंदूतून न येणारा गोंधळ, गोळा करायचा. इलेक्ट्रोड मेंदूऐवजी मिठाच्या पाण्यात बुडवून रेकॉर्ड करा. यंत्र चालू, प्राणी नाही, असं करा. शेजारच्या दिव्याचं बटण दाबा, फोन चार्जरला लावा, दार आपटा, खुर्ची सरकवा, आणि प्रत्येकाचा ठसा कसा दिसतो ते वहीत चिकटवा. विजेच्या मुख्य वाहिनीचा ठसा ५० किंवा ६० हर्ट्झवर दिसतो (कुठे राहता त्यावर), आणि त्याच्या पटींवरही. गॅमा, म्हणजे मेंदूतल्या वेगवान, लहरी अभ्यासणाऱ्यांनी तर हा आकडा उशीखाली ठेवून झोपावं, कारण त्यांचा पट्टा नेमका तिथेच येतो. ईईजी करत असाल तर स्वतःच्या डोक्याला टोपी लावा आणि पापण्या मिटा-उघडा, दात आवळा, कपाळाला आठ्या घाला, मान वळवा. पापणीची एक उघडझाप मेंदूच्या सिग्नलपेक्षा कितीतरी उंच उडी मारते, आणि दात आवळल्यावर दिसणारा गोंधळ बघून काही जुन्या पेपरांबद्दल मनात शंका येऊ लागते.

नॉइज ओळखता आला की उलटी परीक्षा: जे हमखास दिसायलाच हवं ते दिसतंय का? ईईजीत डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात ८ ते १२ हर्ट्झची अल्फा लहर बहुतेकांत वाढते. बर्गर यांनी पाहिली ती हीच. ती दिसत नसेल तर नाजूक प्रयोगाच्या वाटेला जाऊ नका, आधी जोडणी तपासा. मेंदूच्या कापांवर काम असेल तर टेट्रोडोटॉक्सिन घालून बघा. पफर माशातलं हे विष सोडियमच्या वाहिन्या बंद करतं. ते घातल्यावरही तुमचा ‘स्पंद’ तसाच उड्या मारत असेल तर तो स्पंद नाही. (विषच आहे, त्याची नोंद आणि कुलूप यांचे नियम पाळा.)

मेलेल्या माशाची गोष्ट या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असते, तुम्हालाही असावी. २००९ साली काही संशोधकांनी एक मेलेला सॅमन मासा एफएमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांच्या भावनिक प्रसंगांची चित्रं दाखवली, आणि रीतसर विश्लेषण केलं. माशाच्या मेंदूत काही ठिपके ‘सक्रिय’ निघाले. हजारो ठिपके एकेक करून तपासले तर काही नुसत्या योगायोगानंही उत्तीर्ण होणारच. त्यासाठीची दुरुस्ती लावल्यावर माशानं विचार करणं थांबवलं. त्यांना २०१२ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. हसून झाल्यावर एक करा: तुमच्या विश्लेषणालाही असा एक मेलेला मासा खाऊ घाला. प्रयोगाच्या खुणा यादृच्छिक पद्धतीनं उलटसुलट करा आणि तोच कोड चालवा. तरीही सुंदर निकाल आला तर चूक कोडमध्ये आहे.

संशय म्हणजे डोळे मिटून घेणं नव्हे, हेही इथेच सांगते. ह्यूबेल आणि वीझल मांजराच्या दृष्टिकेंद्रातल्या पेशींना काळे-पांढरे ठिपके दाखवून थकले होते. एके दिवशी काचेची पट्टी यंत्रात सरकवताना एक पेशी तडातड बोलायला लागली. ठिपक्याला ती भीक घालत नव्हती. पट्टीच्या कडेची सावली पडद्यावरून एका ठरावीक कोनात सरकली, त्याला तिनं प्रतिसाद दिला होता. ते दोघं ‘पट्टी हलली, नॉइज आला’ म्हणून पुढे गेले असते तर त्यांच्या १९५९ च्या कामाला आणि १९८१ च्या नोबेलला मुकले असते. त्यांनी ती पट्टी तासन्‌तास पुन्हा पुन्हा हलवून पाहिली. नॉइज वाटलेली गोष्ट आपल्या मर्जीनं पुन्हा घडवता आली, की ती नॉइज राहत नाही.

पायरी ५: वही आणि फाइली

रोज काय झालं ते त्याच दिवशी लिहा. उद्या आठवेल असं वाटतं, आठवत नाही. तारीख, वेळ, प्राण्याचा क्रमांक, वय, वजन, भूल किती आणि कधी, द्रावण कोणी बनवलं, खोलीचं तापमान, कोणती सुई, काय बिघडलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तीन महिन्यांनी ‘मंगळवारचेच प्रयोग का फसतात’ असा प्रश्न पडला की उत्तर वहीतून निघतं: सोमवारी संध्याकाळी बनवलेलं द्रावण.

मूळ डेटा केवळ-वाचनासाठी कुलूपबंद करून ठेवा. विश्लेषण नेहमी प्रतीवर. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमानं तारीख, म्हणजे यादी आपोआप कालक्रमानं लागते. ‘अंतिम’, ‘अंतिम_२’, ‘खरंच_अंतिम’ ही नावं आम्ही सगळ्यांनी दिली आहेत, तुम्ही नका देऊ. कोडसाठी आवृत्ती-नियंत्रण (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली) शिका, दोन दिवसांचं काम आहे.

जागेचा हिशेब आधी करा. न्यूरोपिक्सेल्ससारखा एक प्रोब (मेंदूत घालायची, शेकडो इलेक्ट्रोड असलेली बारीक सळई) एका वेळी ३८४ ठिकाणांहून, सेकंदाला ३०,००० वेळा, दर नोंदीला दोन बाइट असा डेटा ओततो. गुणाकार करा: तासाला ८० जीबीच्या वर. आठवड्यातून पाच दिवस, रोज दोन तास, म्हणजे ८०० जीबी. हे सगळं तुमच्या लॅपटॉपवर मावणार नाही, आणि एकाच हार्ड डिस्कवर ठेवलंत तर कधीतरी जाणार. केंद्राचा सर्व्हर, त्याची नक्कल, आणि नक्कल उघडते का याची महिन्यातून एकदा तपासणी.

मूळ चित्रं जपायचं आणखी एक कारण आहे. अल्झायमरवरचा २००६ चा एक गाजलेला पेपर २०२४ मध्ये मागे घेतला गेला, कारण त्यातल्या चित्रांमध्ये फेरफार झाल्याचं दिसून आलं. मधल्या अठरा वर्षांत कितीतरी तरुणांनी त्या पायावर आपले प्रकल्प उभे केले असतील. तुमच्या आलेखावर उद्या कोणी बोट ठेवलं तर पाच मिनिटांत मूळ फाइल काढून दाखवता यायला हवी. प्रामाणिक माणसालाही ती सापडली नाही तर बोलायला तोंड राहत नाही.

पायरी ६: मोजायचं काय, हे आधी ठरवा

एक उदाहरण घ्या. औषध दिलेले तीन उंदीर, प्रत्येकातून चाळीस पेशी. नमुना किती? एकशेवीस, असं लिहायचा मोह होतो, कारण तेवढ्यावर प्रत्येक फरक ‘लक्षणीय’ निघतो. पण औषध दिलं उंदरांना. एका उंदराच्या चाळीस पेशी एकमेकींसारख्या असणार. त्यांची आई एक, दाणापाणी एक, शस्त्रक्रिया एक. त्यांना स्वतंत्र साक्षीदार धरणं म्हणजे एकाच घरातल्या चाळीस जणांना विचारून गावाचं मत ठरवणं. नमुना तीनच. पेशींची माहिती फुकट जात नाही, तिच्यासाठी स्तरांचा विचार करणारी सांख्यिकी मॉडेलं आहेत. ती शिका किंवा प्रयोग सुरू करण्याआधी केंद्रातल्या सांख्यिकी जाणणाऱ्या माणसाकडे जा. आधी. नंतर गेलात तर तो फक्त मृत्यूचं कारण सांगू शकतो.

दुसरा सापळा: शंभर पेशींतून ज्या उजवीकडच्या आवाजाला जास्त प्रतिसाद देतात त्या वीस निवडायच्या, आणि त्याच डेटावर ‘या वीस पेशी उजव्या आवाजाला जास्त प्रतिसाद देतात’ असं सिद्ध करायचं. ऐकताना हास्यास्पद वाटतं, पण कोडच्या चारशे ओळींत हे लपून बसतं. निवड अर्ध्या डेटावर करा, चाचणी उरलेल्या अर्ध्यावर.

तिसरी गोष्ट, नमुन्याचा आकार. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार न्यूरोसायन्समधल्या अभ्यासांच्या सांख्यिकी सामर्थ्याचा मध्यक साधारण २१ टक्के होता. म्हणजे परिणाम खरा असला तरी तो पाचातून एकदाच हाताला लागायचा. आणि असा अशक्त अभ्यास जेव्हा यशस्वी होतो तेव्हा परिणाम फुगवून दाखवतो. त्यामुळे मागच्या पेपरातला परिणामाचा आकडा धरून स्वतःचा नमुना ठरवू नका. तो आकडा मोठाच असणार.

मग एका रुग्णावरचं काम चालतं कसं? १९५३ साली हेन्री मोलेसन यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिपोकॅम्पसचा भाग शस्त्रक्रियेत काढला गेला. स्कोव्हिल आणि मिल्नर यांनी १९५७ मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं आणि स्मृतीच्या अभ्यासाची दिशाच बदलली. तिथे फरक ओळखायला सांख्यिकीची गरजच नव्हती: नवं काही लक्षात राहतच नव्हतं. तुमचा परिणाम तेवढा ठसठशीत असेल तर एक पुरे. बहुधा नसतो.

आणि मोजताना कोणता प्राणी कोणत्या गटातला हे मोजणाऱ्याला माहीत नसू द्या. सहकाऱ्याला फाइलींना सांकेतिक क्रमांक द्यायला सांगा. दहा मिनिटं लागतात.

पायरी ७: वाचन

रोज दहा पेपर वाचायचा संकल्प सोडून द्या. आठवड्याला एक, पण असा की त्यातली प्रत्येक आकृती फळ्यावर पुन्हा काढता येईल. आधी आकृत्या बघा, त्यातून काय निघतं ते स्वतः लिहा, मग लेखकांनी काय काढलंय ते वाचा. दोन्हींत अंतर पडलं की तिथे थांबा. प्रीप्रिंट जरूर वाचा, फक्त त्याची कोणी परीक्षा घेतलेली नाही हे ध्यानात ठेवा. आणि वर्षातून एकदा तरी जुनं काहीतरी: हॉजकिन आणि हक्स्ली यांचे १९५२ चे पेपर आजही वाचवतात, माखलीसारख्या स्क्विडच्या जाड चेतातंतूवर केलेलं मोजमाप आणि हाती गणकयंत्रावर सोडवलेली समीकरणं.

पायरी ८: गाईड, लॅब मीटिंग आणि बाकीची माणसं

गाईडना वेळ नसतो. ही तक्रार नाही, हवामानाचा अंदाज आहे. आठवड्याच्या भेटीआधी एक पान पाठवा: काय ठरलं होतं, काय झालं, एक आकृती, काय अडलं, आणि तुमच्या मते पुढे काय करावं. शेवटचं टाळू नका. ‘आता काय करू?’ असं विचारणाऱ्याला काम मिळतं. ‘मी हे दोन पर्याय बघतोय, दुसरा बरा वाटतो’ म्हणणाऱ्याला चर्चा मिळते. भेट झाल्यावर काय ठरलं ते चार ओळींत लिहून परत पाठवा. सहा महिन्यांनी ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ निघतं तेव्हा त्या चार ओळी कामी येतात.

वाईट बातमी लवकर सांगा. फसलेला प्रयोग महिनाभर दडवून ठेवला की तो सांगणं अधिकच जड होत जातं.

लॅब मीटिंगमध्ये मतभेद होतील. होऊ द्यावेत. गॉल्जी आणि काहाल यांनी एकाच रंगवण्याच्या पद्धतीनं मेंदू पाहिला. एकाला अखंड जाळं दिसलं, दुसऱ्याला सुट्या पेशी. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं आणि गॉल्जी यांनी आपल्या भाषणात काहालच्या सिद्धान्तावरच टीका केली. तुमच्या आकृतीवर ज्येष्ठ सहकारी तुटून पडला तर तो तुमच्यावर नाही, आकृतीवर बोलतोय असं धरून चला. नेहमीच तसं असतं असं नाही. आवाज चढणं, अपमान, रात्री-अपरात्री फोन हे संशोधनाचा भाग नाही. केंद्रात तक्रार कोणाकडे करायची ते संकट येण्याआधी माहीत करून घ्या.

पेपरवर नाव कोणाचं, कितवं, हे प्रयोग सुरू होताना बोलून घ्या आणि लिहून ठेवा. विषय काढायला संकोच वाटतो. मग जर्नलांनी वापरात आणलेल्या योगदानाच्या चौदा भूमिकांची यादी पुढे ठेवा, कल्पना, पद्धती, सॉफ्टवेअर, लेखन वगैरे, आणि ‘यातलं मी काय काय करणार आहे?’ असं विचारा. बोलणं सोपं जातं. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, पहिल्याच आठवड्यात काढा. नावाचं स्पेलिंग दोन पेपरांत दोन तऱ्हेचं पडलं तरी काम तुमच्याच खात्यावर राहतं.

आणि तंत्रज्ञ, प्राणीगृहातली माणसं, यंत्रांची देखभाल करणारे. गाईडना सिद्धान्त माहीत असतो. कोणत्या उंदराची तब्येत काल बिघडली, कोणता ॲम्प्लिफायर पावसाळी हवेत कुरकुरतो हे यांना माहीत असतं. त्यांना नावानं हाक मारा, वेळ घेताना विचारा, पेपरमध्ये आभार माना. माझी ती सहा आठवड्यांची चूक पकडणाऱ्या तंत्रज्ञ बाईंचं नाव माझ्या पहिल्या पेपरात आहे, आभारांमध्ये नाही, लेखकांमध्ये. त्यासाठी भांडावं लागलं.

पायरी ९: वर्ष संपताना

अहवाल लिहिण्याआधी एक परीक्षा द्या. तुमच्या सर्वात चांगल्या आकृतीचा डेटा, कोड आणि वही एका फोल्डरमध्ये घाला आणि लॅबमधल्या अशा सहकाऱ्याला द्या, ज्याला तुमचा प्रकल्प नीट माहीत नाही. तोंडी काही सांगायचं नाही. त्याला मूळ फाइलपासून तीच आकृती काढायला सांगा आणि शेजारी गप्प बसा. तो कुठे कुठे अडला, कोणती फाइल सापडली नाही, कोणता आकडा फक्त तुमच्या डोक्यात होता, ते लिहून घ्या. पहिल्या खेपेला आकृती जवळजवळ कोणाचीच निघत नाही. माझी निघायला तीन दिवस लागले, आणि निघाली ती थोडी वेगळी होती. एका उंदराचे दोन दिवस मी चुकून दोनदा मोजले होते.